कार्प मासेमारी: अनेक रात्रींच्या मुक्कामासाठी आमिष कसे निवडतात?
ब्रिटनमध्ये कार्प पकडण्यासाठी हौशी लोक तळ्याकाठी तंबू ठोकून दोन-तीन रात्री गळ टाकून बसतात. एवढ्या वेळासाठी आमिष टिकाऊ लागते. त्यासाठी 'बॉयली' वापरतात. रवा, सोयापीठ किंवा मासळीची भुकटी अंड्यांत मळून, उकळून केलेल्या या कडक गोळ्या छोट्या माशांना सहज कुरतडता येत नाहीत.

जोडीला मका किंवा टायगर नट टाकतात. मात्र कोरडे दाणे माशाच्या पोटात फुगून इजा करू शकतात; म्हणून ते २४ तास भिजवून किमान अर्धा तास उकळावे लागतात.

थंड पाण्यात कार्प कमी खातो. त्यामुळे आधी मूठभरच टाकावे, मासे खाऊ लागले तर वाढवावे. पाण्यात टाकलेले आमिष परत काढता येत नाही.