स्टुडंट फिल्म चंद्रपूर-गडचिरोलीत शूट करायची तर मोबाईल, माईक आणि लॅपटॉपचं काय काय शिकावं लागतं?

मे २०२४. कान चित्रपट महोत्सवात 'ला सिनेफ' नावाचा एक विभाग असतो, जगभरातल्या फिल्म स्कूलच्या पोरांची स्पर्धा. त्या वर्षी पहिला नंबर आला पुण्याच्या एफटीआयआयचा. फिल्मचं नाव 'सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो'. दिग्दर्शक चिदानंद नाईक, शिक्षणाने डॉक्टर. एफटीआयआयमधला त्यांचा कोर्स होता एक वर्षाचा, तोही टेलिव्हिजनचा. शूट उरकलं चार दिवसांत. आणि गोष्ट काय, तर एक म्हातारी गावाचा कोंबडा चोरते आणि गावात सूर्यच उगवत नाही. कन्नड लोककथा.

त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे 'पिस्तुल्या' झाली होती. नागराज मंजुळे अहमदनगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीज शिकत होते, तेव्हा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेली ही शॉर्ट फिल्म. तिला पदार्पणाच्या नॉन-फीचर फिल्मचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

म्हणजे विद्यार्थ्याचं बजेट, आपल्या भागातली गोष्ट आणि आपली बोली एवढ्यावर फिल्म होते. आता हे चंद्रपूर आणि गडचिरोलीला लावून बघा. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाचं कार्यक्षेत्र म्हणजे हे दोन जिल्हे. इथे झाडीपट्टीची नाटकं आहेत, दंडार आहे, गोंडी आणि माडिया बोलणारी गावं आहेत, ताडोबा आहे. विषय कमी पडणार नाहीत. कॅमेराही प्रत्येकाच्या खिशात आहे.

अडचण वेगळीच आहे. आपण तंत्रज्ञान शिकतो यूट्यूबवरून, आणि तिथले बहुतेक ट्यूटोरियल बनवणारा माणूस बसलेला असतो एसी स्टुडिओत, कदाचित अमेरिकेत. त्याची वीज वेगळी, हवा वेगळी, भाषा वेगळी. त्याच्या सेटिंग जशाच्या तशा उचलल्या की वडसा किंवा भामरागडला पोचल्यावर गडबड होते. ती कुठे कुठे होते, ते बघू.

स्टेजवरचे दिवे व्हिडिओत फडफडतात, ते का?

समजा तुम्ही झाडीपट्टी रंगभूमीवर फिल्म करताय. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे त्याचं केंद्र. इथले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांनी पाच हजारांहून जास्त प्रयोग केलेत, २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. म्हणजे तुमचं सगळं शूट कृत्रिम उजेडातलं.

मोबाईल सहसा ३० फ्रेम प्रतिसेकंद या वेगाने शूट करतो. हा आकडा आला अमेरिकेच्या विजेवरून, कारण तिथला विजेचा प्रवाह ६० हर्ट्झचा. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाईट आणि स्वस्तातले एलईडी या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला दिसत नाही, पण शटरचा हिशोब चुकला की पडद्यावर काळ्या पट्ट्या सरकताना दिसतात. एडिटिंगमध्ये हे घालवणं म्हणजे डोक्याला ताप.

उपाय फुकटातला आहे. २५ फ्रेम आणि शटर एकपन्नासांश. उजेड जास्त असेल तर शटर एकशतांश. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'पाल फॉरमॅट' सुरू केलं की २५ फ्रेमचा पर्याय दिसतो. शटर हाताने लावण्यासाठी 'ब्लॅकमॅजिक कॅमेरा' हे अ‍ॅप फुकट आहे. ते २०२३ मध्ये आयफोनसाठी आलं आणि पुढच्या वर्षी अँड्रॉइडच्या काही फोनसाठी. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये कंपनीच्या कॅमेऱ्यातच 'प्रो व्हिडिओ' असतं, आधी ते तपासा. स्टेजचे रंगीत डिम होणारे एलईडी मात्र या नियमाला जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी नाटक सुरू व्हायच्या आधी दिवे लावलेले असताना एक मिनिट शूट करून बघणं, एवढंच हातात आहे.

आवाज, आवाज आणि आवाज

चित्र थोडं हललेलं चालतं, पण न कळणारा आवाज कोणी सहन करत नाही. आणि या भागात तर आवाजच खरा ऐवज आहे. एखाद्या आजीला दंडारीतली पदं येतात आणि गावात ती आणखी कुणाला येत नाहीत, अशी वेळ येऊ शकते. तिचं रेकॉर्डिंग फाटलं तर पुन्हा येऊ म्हणताना पुढचा हंगाम उजाडतो.

फोनचा माईक सगळीकडचं ऐकतो: पंखा, जनरेटर, रातकिडे, मागे बोलणारी पोरं. म्हणून आवाज वेगळा घ्यायचा. शंभर टक्के महागडं सामान लागतं असं नाही. कॉलरला लावायचा साधा वायरचा माईक घ्या, तो दुसऱ्या एखाद्या फोनला जोडा, तो फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि बोलणाऱ्याच्या खिशात ठेवा. झाला रेकॉर्डर. ब्लूटूथ इअरफोनचा माईक यासाठी वापरू नका, फोन कॉलसाठी दाबलेला आवाज तो देतो.

रेकॉर्डिंगची पातळी सर्वात मोठ्या आवाजाला उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवा. शून्याला धडकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट शिवता येत नाही. नाटकाच्या मंडपात हे हमखास होतं, कारण आपण हौसेने भोंग्यासमोर बसतो. भोंग्यापासून लांब बसा, किंवा साऊंडवाल्या दादाला विनंती करून त्याच्या मिक्सरमधून थेट वायर घ्या.

आता चित्र एका फोनमध्ये, आवाज दुसऱ्यात. जुळवायचं कसं? टाळी वाजवून. सिनेमातली ती पाटी यासाठीच असते. पण एक गोष्ट ट्यूटोरियलमध्ये पटकन सापडत नाही: दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत. तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये ओठ आणि शब्द हळूहळू वेगळे व्हायला लागतात. म्हणून टाळी सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा.

यातलं दुसरं कारण फोनचंच. फोन ३० म्हणतो, पण उजेड आणि गरमीप्रमाणे कधी २९, कधी ३० फ्रेम घेतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर याने गोंधळतं. 'हँडब्रेक' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून फाईल आधी स्थिर फ्रेम रेटवर आणून घेतली की बरीच भांडणं मिटतात.

आणि हो, प्रत्येक ठिकाणी कोणी न बोलता एक मिनिट नुसतं वातावरण रेकॉर्ड करा. ऐनापूरच्या रातकिड्यांचा आवाज आणि चंद्रपूर शहराच्या रस्त्याचा आवाज एकमेकांच्या जागी चिकटवता येत नाही.

पारा ४५ आणि फोनची मर्यादा ३५

अ‍ॅपल स्वतः सांगतं की आयफोन शून्य ते ३५ अंश तापमानात वापरायचा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो. कॉलेजला सुट्टी मिळते नेमकी तेव्हाच. उन्हात ४के शूट करणारा फोन आधी स्क्रीन अंधूक करतो, मग रेकॉर्डिंग थांबवतो.

उन्हाळ्यात शूट करायचं तर पहाटे आणि दिवस कलल्यावर. तसाही दुपारचा उजेड चेहऱ्यावर वाईटच पडतो. कव्हर काढा, चार्जिंगला लावून शूट करू नका, ४के ऐवजी १०८०पी घ्या. तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवायची आयडिया कोणी दिली तर ऐकू नका, आत पाणी धरतं.

१०८०पीचा दुसरा फायदा जागेचा. आयफोनवर ४के, ३० फ्रेमला मिनिटाला साधारण १७० एमबी लागतात, तेही फाईल दाबून ठेवणाऱ्या सेटिंगवर. तासाला १० जीबी. १०८०पीला मिनिटाला ६०. आता हे १० जीबी क्लाऊडवर चढवायचे आणि अपलोडचा वेग २ एमबीपीएस मिळाला, तर अकरा तास लागतील, मध्ये एकदाही नेटवर्क गेलं नाही तर. एटापल्ली-भामरागडकडे गेलेल्याला यापुढे सांगायला नको. तेव्हा क्लाऊड विसरा. ओटीजी पेनड्राइव्ह किंवा छोटी एसएसडी, आणि दोन प्रती दोन वेगळ्या माणसांच्या बॅगेत. पेनड्राइव्ह आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. जुन्या फॅट ३२ फॉरमॅटमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाईल जातच नाही, आणि हे रात्री दोन वाजता कळणं फार वाईट.

एडिटिंगला 'डाविंची रिझॉल्व्ह'ची मोफत आवृत्ती पुरते. लॅपटॉप कमजोर असेल तर मूळ फाईलची हलकी प्रत, म्हणजे प्रॉक्सी, बनवून त्यावर काम करायचं. तेवढं एक बटन शिकलात तरी जुन्या लॅपटॉपवर फिल्म पूर्ण होते.

एआय सबटायटल काढून देईल की?

मराठीपुरतं बरंचसं देईल. गुगलने बोलून टाईप करायची सोय मराठीसाठी २०१७ मध्ये आणली. पण ते यंत्र शिकलंय प्रमाण मराठी. झाडीबोलीत 'ण' नाही, 'न' आहे. माणूस 'पानी' म्हणतो, यंत्र 'पाणी' लिहितं. आपल्याला वाटतं वा, किती अचूक. प्रत्यक्षात त्याने बोली पुसून टाकलेली असते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही बोली आणि दंडार लिहून ठेवण्यात आयुष्य घालवलंय. तुमच्या फिल्ममध्ये ती दुरुस्त होऊन जाऊ नये, म्हणून यंत्राचा मजकूर कच्चा माल समजा आणि त्याच गावच्या माणसाला शेजारी बसवून वाचा.

गोंडीचं आणखी अवघड. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख. तरी जून २०२४ मध्ये गुगल ट्रान्सलेटने ११० नव्या भाषा आणल्या, त्यात संथाली होती, तुळू होती, गोंडी नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' हे अ‍ॅप चाचणी स्वरूपात आणलं, त्यात गोंडी आहे, पण ती छत्तीसगडची. भामरागडचं माडिया बोलणं त्यातून नीट निघेल असं धरून चालू नका. लिपीचं म्हणाल तर मसराम गोंडी २०१७ मध्ये आणि गुंजाला गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. सबटायटल मात्र देवनागरीत दिलेली बरी, कारण प्रत्येक फोनवर त्या लिप्यांचा फॉन्ट असेलच असं नाही.

जंगल दिसलं की ड्रोन आठवतो

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही. यावरून बरेच जण समजतात की तो कुठेही उडवता येतो. तसं नाही. डिजिटल स्काय या सरकारी नकाशात लाल भाग असेल तर केंद्राची परवानगी लागते. अभयारण्यात फिल्म करायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ खाली परवाना लागतो. ताडोबाच्या कोअरमध्ये तर सफारीला मोबाईल नेण्यावरच २०१८ मध्ये बंदी आली. गडचिरोलीत सुरक्षेचा प्रश्न आहे, तिथे पोलिसांना न विचारता आकाशात काही उडवणं हा शहाणपणा नव्हे. आणि स्पष्टच बोलायचं तर वरून दिसणारं जंगल सगळ्यांचं सारखंच दिसतं. ड्रोनचं भाडं वाचवा, चांगला माईक घ्या.

शूट केलं म्हणजे आपलं झालं का?

नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क दिलाय, तो ५० वर्षं टिकतो. नाटक लिहिणाऱ्याचा हक्क वेगळा, तो मृत्यूनंतर ६० वर्षं. शिक्षण किंवा संशोधनासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला कलाकाराच्या हक्कातून सूट आहे. पण वर्गात दाखवायला केलेली गोष्ट यूट्यूबवर टाकली की ती सूट सांगता येत नाही. झाडीपट्टीचं नाटक तिकिटावर चालतं, तेच नाटक उद्या दुसऱ्या गावात लागणार असतं. तुम्ही अख्खा प्रयोग अपलोड केलात तर त्या मंडळाच्या पुढच्या रात्रीच्या गल्ल्याला हात घातलात. किती मिनिटं वापरणार, कुठे दाखवणार, पैसे मिळाले तर काय, हे कागदावर घ्या. सही करता येत नसेल तर कॅमेऱ्यासमोर त्यांच्या भाषेत बोलून घ्या. लहान मुलं असतील तर आई-वडिलांकडून.

गावात शूट असेल तर ग्रामसभेत आधी सांगणं उत्तम. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) सारख्या गावात निर्णय सर्वसहमतीने होतात. तिथे सरपंचाला फोन केला म्हणजे गावाला विचारलं असं होत नाही. यासाठी शेड्यूलमध्ये एक अख्खा दिवस धरा.

राहिलं फिल्म पोचवणं. महोत्सवाला जी फाईल जाईल तीच गावाला पाठवू नका. गाव ती व्हॉट्सअ‍ॅपवर बघणार, छोट्या स्क्रीनवर, उन्हात. त्यामुळे सबटायटल चित्रावरच छापलेली, अक्षरं मोठी, आवाज थोडा वर, अशी वेगळी १०८०पी प्रत काढा. व्हिडिओ म्हणून पाठवली तर व्हॉट्सअ‍ॅप ती दाबून टाकतं, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाईल जाते. नेटवर्क नसेल तर पुढच्या एसटीने पेनड्राइव्ह.