डॉसमधील ६४० केबी मेमरी आणि ती मोकळी करण्याच्या पद्धती

एमएस-डॉसवर चालणाऱ्या घरगुती संगणकात पहिल्या ६४० किलोबाइटमधली जास्तीत जास्त जागा प्रोग्रॅमसाठी रिकामी ठेवण्याची ही तंत्रे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून विंडोज ९५ येईपर्यंत ती पीसी वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला थोडीफार शिकावी लागली. संगणकात ४ किंवा ८ एमबी रॅम असूनही ‘मेमरी अपुरी आहे’ असा संदेश येई, आणि नव्या वापरकर्त्याला यातले काहीच उमगत नसे. रॅम पुरेशी असे, पण प्रोग्रॅमला पोहोचता येईल अशा पत्त्यांवरची जागा संपलेली असे. म्हणून इथे मेमरी मोकळी करणे म्हणजे बहुतेक वेळा काही पुसणे नव्हे, तर खालच्या जागेतले सामान वरच्या जागेत हलवणे.

या मर्यादेचे मूळ १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीच्या रचनेत आहे. त्यातल्या इंटेल ८०८८ प्रोसेसरला पत्त्यासाठी २० तारा होत्या, म्हणजे त्याला १०,४८,५७६ बाइट, अर्थात १ एमबी एवढेच दिसे. त्यातला खालचा ६४० केबी भाग प्रोग्रॅमना मिळाला. वरचा ३८४ केबी भाग पडद्याची मेमरी, बायॉस आणि स्लॉटमध्ये बसवायची कार्डे यांच्यासाठी राखला गेला. पहिल्या पीसीची सर्वांत साधी आवृत्ती १६ केबी रॅमवर विकली जात होती. त्यामुळे ही वाटणी करणाऱ्यांना आज दोष देणे अन्यायाचे ठरेल.

पुढे ८०२८६ प्रोसेसर १६ एमबीपर्यंत आणि ८०३८६ तर ४ जीबीपर्यंत पोहोचू शकत होता. डॉस आणि त्यावरचे प्रोग्रॅम मात्र ‘रिअल मोड’मध्ये, म्हणजे ८०८८च्याच चालीने चालत राहिले. आधीचा प्रत्येक प्रोग्रॅम नव्या यंत्रावर जसाच्या तसा चालला पाहिजे, ही बाजारपेठेची अट होती. ती पाळली गेली आणि तिच्यासोबत ६४० केबीची भिंतही टिकली.

या भिंतीच्या आत गर्दी वाढत गेली. डॉस स्वतःच ६० केबीच्या आसपास जागा घेई. माउसचा ड्रायव्हर, सीडी-रॉमसाठी लागणारा एमएससीडीएक्स, हार्ड डिस्कचा वेग वाढवणारा स्मार्टड्राइव्ह, नेटवर्क असेल तर त्याचे ड्रायव्हर, असे एकेक करून १० ते ३० केबीचे तुकडे जात. सगळे मिळून ५०० केबीसुद्धा उरत नसे, आणि एखादा गेम ५८० केबी मागे. किती आणि काय भरले आहे ते पाहायला डॉस ५पासून ‘मेम /सी’ ही आज्ञा होती. तिच्या यादीत सर्वांत उपयोगी आकडा शेवटाकडे येई: एका सलग तुकड्यात बसू शकणाऱ्या सर्वांत मोठ्या प्रोग्रॅमचा आकार. एकूण मोकळी जागा कितीही असली तरी ती तुकड्यांत विखुरलेली असेल, तर कामाची नसे.

पहिला उपाय १९८५ साली लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून ठरवलेल्या ‘एक्स्पांडेड’ मेमरीचा, म्हणजे ईएमएसचा. वरच्या भागात ६४ केबीची एक खिडकी ठेवायची आणि जास्तीच्या रॅममधली १६ केबीची चार पाने आळीपाळीने तिच्यात दाखवायची, अशी ही युक्ती. मोठी स्प्रेडशीट वापरणाऱ्यांना तिचा आधार झाला. पण प्रोग्रॅम मुळातच ईएमएससाठी लिहिलेला असावा लागे.

घरगुती वापरकर्त्यासाठी खरा बदल १९९१च्या एमएस-डॉस ५ने केला. त्याआधी क्वार्टरडेक कंपनीचा क्यूईएमएम आणि क्वालिटासचा ३८६मॅक्स हे मेमरी मॅनेजर बाजारात होते. डिजिटल रिसर्चच्या डीआर-डॉस ५ने १९९०मध्येच डॉस वर हलवून दाखवले होते. मायक्रोसॉफ्टने ती सोय सगळ्यांच्या हाती दिली, आणि त्यात दोन वेगळ्या जागा वापरल्या.

पहिली जागा ‘हाय मेमरी एरिया’, १ एमबीच्या सीमेला लागून वर असलेले ६५,५२० बाइट. रिअल मोडमध्ये पत्ता दोन संख्यांची बेरीज करून काढला जातो. ती बेरीज १ एमबीच्या किंचित पलीकडे जाऊ शकते. ८०८८ला एकविसावी तारच नसल्याने असा पत्ता पुन्हा शून्यापाशी येऊन पडे, आणि काही जुने प्रोग्रॅम याच वागण्यावर विसंबून होते. म्हणून आयबीएमने १९८४च्या पीसी-एटीमध्ये ही तार, ए२०, बंद ठेवता येईल अशी सोय केली, आणि तिचा ताबा चक्क कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपकडे दिला. हायमेम डॉट सिस हा ड्रायव्हर ती तार उघडतो आणि पलीकडची जागा डॉसला मिळवून देतो. सुसंगती राखण्यासाठी केलेली ही तडजोड पुढे एवढी जागा मिळवून देईल, असे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नसणार. या जागेत डॉसचा बराचसा गाभा मावतो आणि खाली ४० केबीहून अधिक जागा सुटते. हे ८०२८६वरही चालते. म्हणूनच १ एमबी रॅमचे २८६ यंत्र वापरणाऱ्यालाही हा एक फायदा हमखास मिळे.

दुसरी जागा ६४० केबी आणि १ एमबी यांच्या मधल्या राखीव पट्ट्यातल्या रिकाम्या फटी, म्हणजे ‘यूएमबी’. तिथे पत्ते आहेत, पण त्यांच्यामागे रॅम नाही. ८०३८६चा ‘व्हर्च्युअल ८०८६’ मोड वापरून ईएमएम३८६ हा प्रोग्रॅम १ एमबीपलीकडची रॅम या पत्त्यांवर दाखवतो आणि मग ड्रायव्हर तिथे बसवता येतात. घरातली रोज न लागणारी भांडी माळ्यावर टाकावीत, तसा हा प्रकार. २८६वर हे करता येत नाही.

प्रत्यक्षात सगळे काम कॉन्फिग डॉट सिस आणि ऑटोएक्झेक डॉट बॅट या दोन फाइलींत होई. कॉन्फिगमध्ये आधी हायमेमची ओळ, मग ईएमएम३८६ची, मग ‘डॉस=हाय,यूएमबी’. हायमेम ईएमएम३८६च्या आधी आला नाही, तर पुढचे काहीच जमत नाही. त्यानंतरच्या ड्रायव्हरांच्या ओळींत ‘डिव्हाइस’ऐवजी ‘डिव्हाइसहाय’, आणि ऑटोएक्झेकमध्ये आज्ञेच्या आधी ‘एलएच’. ईएमएम३८६पुढे ‘नोईएमएस’ लिहिले की ६४ केबीची खिडकी रद्द होऊन ती जागा ड्रायव्हरना मिळते. ‘रॅम’ लिहिले की खिडकी राहते, पण वरची जागा तेवढी आक्रसते. रंगीत मॉनिटर असेल तर ‘आय=बी०००-बी७एफएफ’ लिहून काळ्यापांढऱ्या पडद्यासाठी राखलेले ३२ केबीही घेता येत. याउलट नेटवर्क कार्ड एखाद्या पट्ट्यात बसलेले असेल, तर तो पट्टा ‘एक्स=’ लिहून वगळावा लागे, नाहीतर संगणक अधूनमधून गोठे आणि कारण सापडत नसे.

ओळींचा क्रमही महत्त्वाचा. पुष्कळ ड्रायव्हर सुरू होताना जास्त जागा मागतात आणि मग आकसून बसतात. त्यामुळे मोठा ड्रायव्हर शेवटी ठेवला तर त्याला वर शिरायला सलग जागा मिळत नाही आणि तो मुकाट्याने खाली बसतो. मोठे आधी, लहान नंतर, हा साधा नियम बहुतेक यंत्रांवर लागू पडे. १९९३च्या एमएस-डॉस ६मधला मेममेकर हे क्रम आपोआप तपासून, दोनदा संगणक चालू-बंद करून फाइली लिहून देई. तो चांगला होता, पण हाताने जुळवलेली मांडणी त्याहून काही केबी जास्त देई. मुख्य म्हणजे ती जुळवणाऱ्याला आपले यंत्र कळे. हे ज्ञान कुठल्याही आपोआप चालणाऱ्या साधनातून मिळत नाही.

बारीकसारीक बचतही होती. ‘बफर्स’ची संख्या फार वाढवली तर ते हाय मेमरी एरियात न मावता खाली येतात. स्मार्टड्राइव्ह असताना १० ते १५ पुरतात. ‘लास्टड्राइव्ह=झेड’ गरज नसताना लिहू नये. मायक्रोसॉफ्टच्या माउस ड्रायव्हरऐवजी क्यूटमाउस घेतला, तर तेच काम ४ केबीच्या आत भागते.

काही गेम मात्र या सगळ्यालाच नकार देत. १९९२चा अल्टिमा ७ स्वतःची मेमरी-व्यवस्था आणी आणि ईएमएम३८६ चालू असेल तर सुरूच होत नसे. म्हणून अनेकजण गेमसाठी वेगळी बूट फ्लॉपी ठेवत. डॉस ६ने कॉन्फिग डॉट सिसमध्येच मेनूची सोय दिली: एक मांडणी ईएमएससह, एक त्याविना, एक अगदी सडी. चुकीच्या ओळीमुळे संगणक अडकला, तर एफ५ दाबून दोन्ही फाइली वगळता येत आणि एफ८ दाबून एकेक ओळ विचारून पुढे जाता येई.

महाराष्ट्रातील खासगी संगणक-वर्गांत तेव्हा डॉस, वर्डस्टार, डीबेस आणि लोटस शिकवले जात. कार्यालयात जुनी झालेली यंत्रे घरी येत, आणि अशा यंत्रांवर ही तंत्रे विशेष उपयोगी पडत.

ही भिंत शेवटी दोन बाजूंनी निरुपयोगी झाली. १९९३च्या डूमसारखे गेम डॉस/४जीडब्ल्यू हा एक्स्टेंडर वापरून थेट १ एमबीपलीकडच्या मेमरीत चालू लागले. ऑगस्ट १९९५मध्ये विंडोज ९५ आले आणि त्याने बहुतेक ड्रायव्हर ‘प्रोटेक्टेड मोड’मध्ये, म्हणजे या मर्यादेच्या बाहेर नेले. जुने यंत्र आजही डॉसवर चालवायचे असेल, तर १९९४मध्ये जिम हॉल यांनी सुरू केलेला मुक्त फ्रीडॉस हा प्रकल्प उपलब्ध आहे. त्यातला जेमेक्स हा एकच ड्रायव्हर हायमेम आणि ईएमएम३८६ या दोघांचे काम करतो.