थ्रेड : इंजिनाने श्वास कुठून घ्यावा? कुर्ल्याची फियाट, उपनगरांतली घरगुती नळी आणि मुंबईचा पाऊस

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्यात अवघा ७३. कुर्ला, कालिना, साकीनाका हा मिठी नदीकाठचा सारा पट्टा पाण्याखाली गेला. बंद पडलेल्या हजारो मोटारींपैकी अनेकींची इंजिने केवळ भिजली नव्हती, ती आतून मोडली होती. हे कसे घडते, हे समजण्यासाठी मोटारीच्या एका दुर्लक्षित भागाचा इतिहास पाहावा लागतो : इंजिनाला हवा पुरवणारी नळी.

इंजिन पेट्रोलवर चालते, हे अर्धसत्य आहे. त्याला पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक हवा लागते. दीड लिटरचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे ७५ लिटर हवा ओढते. ती जितकी थंड तितकी दाट, आणि जितकी दाट तितका तिच्यात ऑक्सिजन अधिक. बाहेर ३० अंश तापमान असताना बॉनेटखालची ६० अंशांची हवा इंजिनात गेली, तर ऑक्सिजन सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत आणखी सुमारे ३ टक्के जागा बाष्पच अडवते. सिग्नलच्या रांगेत गाडी मंदावल्यासारखी वाटते, त्यात चालकाच्या कंटाळ्याइतकाच या गणिताचाही वाटा असतो.

मग मोटार बनवणाऱ्यांनी पहिल्यापासूनच थंड हवा का घेतली नाही? कारण मोटार थंड देशांत वाढली. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते. हवा गार आणि दमट असेल तर तिथे बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरते. म्हणून युरोपातील अनेक मोटारींच्या एअर क्लीनरला हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची अशा दोन जागा असत. हिवाळ्यात नळीचे तोंड तापलेल्या एक्झॉस्टकडे वळवायचे, उन्हाळ्यात दूर. मुंबईच्या मोटारींना मात्र असा हिवाळा कधी भेटलाच नाही.

या शहराची लाडकी मोटार आली ती तुरिनहून. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या, त्या क्रायस्लर समूहाच्या. पुढे फियाटशी करार झाला आणि १९५० च्या दशकात ‘११००’ आली. तीच १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. १०८९ घन सेंटीमीटरचे इंजिन, ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती. टॅक्सी म्हणून ती मुंबईत इतकी रुजली की शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये, वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर, रस्त्यावरून उतरली.

बॉनेटखालच्या उष्णतेशी त्या काळच्या चालकांची चांगली ओळख होती. खंडाळ्याचा घाट चढताना पेट्रोलची नळीतच वाफ होई आणि गाडी बंद पडे. त्यावर उपाय एकच : फ्यूएल पंपावर ओले फडके. या उपायाला कोणी ‘डिझाइन’ म्हटले नाही. पण इंजिनाभोवतीचे तापमान ताकद खाते हे ज्ञान ग्रंथांच्या आधी फडक्यातून पोचले होते.

त्या पिढीने गाडीला वेगवान करण्यासाठी घरीच खटपट का केली, याचे उत्तर हौसेपेक्षा धोरणात आहे. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानंतर देशात केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना वाव उरला नाही. शिवडीत १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. आयात जवळपास बंद, परवान्यांशिवाय उत्पादन नाही, नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. अशा काळात शर्यतीचे सुटे भाग कुठून येणार? मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर फियाटच्या इंजिनांनी शर्यती केल्या, त्या लेथवर घडवलेल्या भागांच्या जिवावर.

अमेरिकेत याच सुमारास चित्र निराळे होते. पॉन्टिअॅकसारख्या कंपन्या १९६० च्या दशकात बॉनेटवरच्या खाचेतून थेट बाहेरची हवा घेणारी ‘रॅम एअर’ व्यवस्था ग्राहकांना विकत होत्या. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात ‘के अँड एन’ सुरू झाली आणि धुऊन पुन्हा वापरता येणारा, तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर घराघरांत पोचला. पुढे तिथल्या तरुणांनी होंडाच्या छोट्या गाड्यांना लांब नळ्या बसवून फिल्टर मडगार्डच्या पोकळीत उतरवला. ‘कोल्ड एअर इनटेक’ हा शब्द याच लाटेवर स्वार होऊन आला.

ही लाट मुंबईच्या उपनगरांत पोचली ती उदारीकरणानंतर. १९९८ मध्ये होंडा सिटी आली, पाठोपाठ तिची १०६ अश्वशक्तीची व्हीटेक आवृत्ती. इंधन आता इंजेक्शनने जात होते. हवेचा दाब आणि तापमान संवेदक मोजत, संगणक त्या प्रमाणात पेट्रोल देई. पद्मिनीत हवा वाढवली की कार्ब्युरेटरचे जेटही बदलावे लागत, नाहीतर मिश्रण पातळ होई. इथे ती कटकट बरीचशी मिटली. हौशी तरुणाला आता गाडीच्या पोटात हात घालण्याचे धैर्य आले.

साहित्य साधे होते. हार्डवेअरच्या दुकानातला पीव्हीसी पाईप किंवा सायलेन्सरवाल्याकडून वाकवून घेतलेली अॅल्युमिनियमची नळी, रबरी जोड, होज क्लिप आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलेला शंकूच्या आकाराचा फिल्टर. नळीची आतली बाजू गुळगुळीत हवी, वळणे मोजकी आणि मोठ्या त्रिज्येची हवीत, व्यास थ्रॉटलच्या तोंडाशी जुळता हवा. इथे एक गंमत आहे : चकाकणारी अॅल्युमिनियमची नळी दिसायला देखणी, पण उष्णता चटकन आत नेते. गरीब पीव्हीसी त्या बाबतीत उजवा. मात्र एक्झॉस्टजवळून गेला तर मऊ पडतो.

खरी चूक बहुधा फिल्टरच्या जागेत होई. पुष्कळांनी कंपनीचा डबा काढून उघडा शंकू इंजिनाशेजारीच बसवला. आवाज दणदणीत झाला, कारण डब्याबरोबर आवाज शोषणारा कप्पाही गेला. हवा मात्र पूर्वीपेक्षा गरम मिळू लागली. आधुनिक मोटारीत कंपनी बहुधा रेडिएटरच्या वरून, बॉनेटच्या कडेजवळून बाहेरचीच हवा घेते, हे त्या उत्साहात ध्यानात आले नाही. कानाला जी ताकद वाटली, ती चाकांपर्यंत पोचली नव्हती.

जे अधिक अभ्यासू होते त्यांनी फिल्टर खाली नेला : बंपरच्या मागे, जमिनीपासून फूट-दीड फुटावर. हवा खरोखर थंड. तत्त्व अचूक, फक्त शहर चुकले.

पाणी दाबले जात नाही. चार सिलिंडरच्या दीड लिटर इंजिनात प्रत्येक सिलिंडर ३७५ मिलिलिटरचा. कॉम्प्रेशनचे गुणोत्तर ९ धरले तर पिस्टन वर आल्यावर उरते सुमारे ४७ मिलिलिटर जागा. एका कटिंग चहाहून कमी. त्याहून जास्त पाणी आत गेले की पिस्टन अडतो, वेगातले इंजिन थांबायला तयार नसते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो; कधी इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो.

२६ जुलैला पाणी इतके चढले होते की नळी वर असो वा खाली, फारसा फरक पडला नाही. फरक पडतो तो दरवर्षीच्या साध्या पावसात : अंधेरी किंवा मिलन सबवेत गुडघाभर पाणी साचते तेव्हा. कंपनीच्या नळीची गाडी तिथून कशीबशी निघू शकते; बंपरमागे फिल्टर असलेली गाडी मध्येच थांबते. तेव्हा घाबरून पुन्हा चावी फिरवणे सर्वांत महागडे, कारण जे वाचले असते तेही स्टार्टर मोडतो.

परदेशी उत्पादकांनी यावर नळीच्या वरच्या भागात झडप बसवली. फिल्टर बुडाला की ती वरून हवा घेऊ देते. घरगुती तोडगा त्याहून सोपा : नळी दोन तुकड्यांची करायची. मधला जोड बॉनेटखाली उंचावर ठेवायचा. पहिल्या पावसाआधी खालचा तुकडा काढून फिल्टर वरच्या जोडावर चढवायचा, थोडी गरम हवा सोसायची. आणि दसऱ्याला गाडी धुऊन, हार घालण्याच्या आधी, तुकडा पुन्हा खाली बसवायचा.