पोटभाडेकरू

हात कोपरापर्यंत धुऊन घ्या आणि मगच आत या. साल १९६६, गाव बफेलो, न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराच्या काठचं. विद्यापीठातल्या या प्रयोगशाळेत टेबलावर काचेच्या बश्या मांडल्या आहेत आणि त्यांतलं पाणी वरवर पाहता अगदी रिकामं आहे. एक बशी काळ्या कागदावर ठेवा, बाजूने तिरका प्रकाश पडू द्या. तळाशी पांढरे ठिपके दिसू लागतील. हा अमिबा प्रोटिअस. शाळेत ज्याची वेडीवाकडी आकृती काढूनही मार्क पूर्ण मिळायचे, तोच. गोड्या पाण्यातला हा एकपेशीय जीव अर्धा मिलिमीटर भरतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनाही दिसतो.

बश्या क्वांग जेऑन यांच्या, ते मूळ कोरियाचे. एका अमिबाचं केंद्रक काढून दुसऱ्यात बसवायचं, हे इथलं रोजचं काम. जेम्स डॅनिएली आणि जोन लॉर्च ही या कलेतली जुनी, मुरलेली माणसं. पण आज जेऑन वैतागलेत. ‘डी’ नावाच्या वाणातले अमिबा आजारी पडलेत. पाय पसरून सरपटायचं सोडून ते आक्रसलेत, वाढ मंदावली आहे, जरा उपास घडला की मरतात.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा, भिंग बदला. पेशीद्रव्य बारीक काड्यांनी भरून गेलंय. त्या काड्या म्हणजे जिवाणू, एकेका अमिबात साठ हजारांपासून दीड लाखापर्यंत. खरं तर जिवाणू गिळणं अमिबाला नवं नाही. गिळलेल्या जिवाणूभोवती पडद्याची पिशवी होते, पाचक रसांनी भरलेली लयकारिका येऊन तिला चिकटते आणि काम तमाम होतं. इथे पिशव्या झाल्यात, पण लयकारिका त्यांच्याशी जुळतच नाहीत. आत जिवाणू सुखाने दुभंगत बसलेत.

दुसरा कोणी असता तर बश्या ओतून, काचसामान उकळून मोकळा झाला असता. मीही तेच केलं असतं. जेऑन यांनी मेलेले मरू दिले आणि तगलेले निवडून वाढवत नेले. टेट्राहायमिना नावाचे बारीक एकपेशीय जीव खाऊ घालायचे, पाणी बदलायचं, पुन्हा निवडायचे. हे महिनोन्‌महिने चालणार आहे, तुम्ही तेवढं थांबू नका.

जाता जाता डॅनिएलींकडे मात्र डोकावा. ‘जर्नल ऑफ थिअरेटिकल बायॉलॉजी’चे संपादक तेच. १९६७ मध्ये या नियतकालिकात लिन सेगन या तरुण बाईंचा लेख छापला जातो. पुढे त्या लिन मार्ग्युलिस म्हणून गाजल्या. पंधराएक नियतकालिकांनी तो आधी परत पाठवला होता. तंतुकणिका आणि हरितलवकं हे एके काळी स्वतंत्र जगणारे जिवाणू होते, असं त्यात म्हटलंय. ती घटना अब्जावधी वर्षांपूर्वीची, साक्षीदार कोणी नाही. आणि लेख छापणाऱ्या डॅनिएलींच्याच सहकाऱ्याच्या बश्यांत तसंच काहीसं सुरू झालेलं! त्या दिवसांत कोणी हे दोन धागे जोडले असं मी म्हणत नाही. पण योगायोग म्हणून तो मला फार आवडतो.

आता सत्तरच्या दशकात या. जेऑन टेनेसी विद्यापीठात, नॉक्सव्हिलला आहेत. ते अमिबा आता ठणठणीत दिसतात, वेळच्या वेळी दुभंगतात. जिवाणूंची संख्या चाळीस हजारांच्या आसपास स्थिरावली आहे. आजार सरला म्हणावं, तर आजारी पाडणारे आतच आहेत. मग त्यांना बाहेर काढलं तर?

काचेची बोथट सुई हातात घ्या. हात टेकवूनच ठेवा, श्वास रोखा. जिवाणू बाळगणारा अमिबा आणि डी वाणाचा जपून ठेवलेला स्वच्छ अमिबा शेजारी शेजारी आणा. स्वच्छ अमिबाचं स्वतःचं केंद्रक आधीच काढलेलं आहे. जिवाणूवाल्याच्या केंद्रकाला सुईने हळूच रेटा. पडदा ताणतो, फाटतो, आणि ते गोल चकतीसारखं केंद्रक पलीकडे सरकतं. जखमा आपोआप बुजतात. नव्या देहात जिवाणू एकही नाही. अमिबा काही दिवस तग धरतो आणि मरतो. हाच प्रयोग पुन्हा करा, पण मरायच्या आत सुईने थोडे जिवाणू टोचा. अमिबा सावरतो, पुन्हा सरपटू लागतो.

सुई नको असेल तर बश्या जरा गरम जागी ठेवा. २६ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की जिवाणू टिकत नाहीत, आणि त्यांच्यामागोमाग अमिबाही. स्वच्छ अमिबांना त्याच उष्णतेत काही होत नाही.

वाड्यातला पोटभाडेकरू हुसकावायला जावं आणि तुळई त्याच्याच भिंतीवर टेकलेली निघावी, तशी ही गत. आणि तीही सुमारे दोनशे पिढ्यांत, म्हणजे तुमच्या-आमच्या हयातीत. सहजीवन म्हटलं की आपण लगेच दोघांचा फायदा गृहीत धरतो. इथे अमिबाच्या पदरात नेमकं काय पडलं? तो जास्त जोमाने वाढत नाही, उष्णता उलट कमी सोसतो. पुढे असं दिसलं की एस-अ‍ॅडेनोसिलमेथिओनिन हे जगायला लागणारं द्रव्य बनवणाऱ्या वितंचकाचं त्याचं एक जनुक जिवाणूंमुळे गप्प झालं आहे. ते काम त्याच्याच दुसऱ्या एका जनुकाकडे गेलंय, आणि तेही निम्म्यावर आलंय. म्हणजे इथेही अमिबाच्या पदरात लाभ असा काही दिसत नाही. माझ्या मते परावलंबनासाठी लाभ व्हावाच लागतो असं नाही.

१९७६ साली जेऑन यांचा निबंध येतो: हे जिवाणू आता पेशीचा आवश्यक घटक झाले आहेत. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’चं अधिवेशन भरतं, आणि परतलेल्या मंडळींत न्यूमोनियासारख्या आजाराचे बळी पडू लागतात. पुढच्या जानेवारीत कारण सापडतं: तोवर अनोळखी असलेला एक जिवाणू, लीजनेला. तोही पाण्याच्या टाक्यांत आणि नळांत अमिबांच्या पोटातच वाढतो, हे कळायला आणखी काही वर्षं जातात.

शेवटचा थांबा २००४. जेऑन यांच्या जिवाणूंची जनुकीय ओळखपरेड झाली आहे. ते निघतात लीजनेलाच्याच कुळातले. त्यांना नाव मिळतं लीजनेला जेऑनी. ते ‘कँडिडेटस’ म्हणून, म्हणजे कच्च्या यादीत. पक्क्या नावासाठी जिवाणू एकटा वाढवून दाखवावा लागतो, आणि हा अमिबाबाहेर वाढतच नाही.