पल्ली फोन

बांगलादेशातील खेड्यांत १९९७ पासून राबवलेली सामायिक मोबाइल फोनची योजना. ग्रामीण बँकेची कर्जदार सभासद कर्जावर मोबाइल संच घेई आणि गावकऱ्यांना मिनिटाच्या दराने वापरू देई. या स्त्रिया ‘फोन लेडी’ म्हणून ओळखल्या गेल्या. मोबाइलमुळे डिजिटल दरी कमी होण्याचे हे एक आरंभीचे व महत्त्वाचे उदाहरण होय.

पार्श्वभूमी : त्या काळी देशात चारशे-पाचशे माणसांमागे जेमतेम एक फोन होता आणि तोही बहुधा शहरात. अमेरिकेत राहणारे बांगलादेशी उद्योजक इक्बाल कादिर यांनी गावोगावी फोन नेण्याची कल्पना ग्रामीण बँकेचे संस्थापक मुहम्मद युनूस यांच्यापुढे मांडली. नॉर्वेची टेलिनॉर, जपानची मारुबेनी, ग्रामीण टेलिकॉम आणि कादिर यांची गोनोफोन यांच्या भागीदारीतून ग्रामीणफोन ही कंपनी उभी राहिली. २६ मार्च १९९७ रोजी तिची सेवा सुरू झाली. रेल्वेमार्गालगत आधीच टाकलेली सुमारे १,८०० किमी.ची फायबर केबल कंपनीने भाड्याने घेतली. योजनेच्या वर्णनांत कर्जावर भर असतो आणि या केबलचा उल्लेख क्वचितच येतो. वास्तविक तिच्याशिवाय जाळे इतक्या लवकर शहराबाहेर पोचले नसते.

कार्यपद्धती : ग्रामीण टेलिकॉम सवलतीच्या दराने बोलण्याचा वेळ विकत घेऊन फोन लेडींना पुरवी. रेंज कमी असलेल्या ठिकाणी बांबूला अँटेना बांधत. वीज नसलेल्या गावांत सौरपट्ट्यांवर संच चार्ज करत. फोन लेडी घड्याळ लावून मिनिटे मोजी. बाहेरून कुणासाठी फोन आला, तर त्याला घरून किंवा शेतातून बोलावून आणी व त्याचेही पैसे घेई. निरक्षर माणसाला नंबर ती स्वतः लावून देई. फोनच्या मालकीची आणि अक्षरओळखीची अट अशी एकदमच गळून पडली; योजनेचे खरे मोल यात आहे.

उपयोग : कॅनडाच्या विकास संस्थेसाठी २००० साली झालेल्या पाहणीत सुमारे ४२ टक्के फोन घरच्यांशी पैशांविषयी, विशेषतः परदेशातून येणाऱ्या पैशांविषयी बोलण्यासाठी केलेले आढळले. शहरापर्यंतच्या फेरीला फोनच्या दुप्पट ते आठपट खर्च येई. धान्याचा बाजारभाव, डॉक्टरची चौकशी आणि आखाती देशांत गेलेल्या मुलाची खुशाली या कारणांनीही फोन होत. फोन बाईच्या घरी असल्याने गावातल्या बायका संकोच न करता तेथे जात.

मतभेद : लाभ अगदी गरिबांपर्यंत किती पोचला, यावर अभ्यासकांत एकमत नाही. ग्रामीणफोनमधील हिश्श्यावरून युनूस व टेलिनॉर यांच्यात पुढे वाद झाला.

ऱ्हास : फोन लेडींची संख्या अडीच लाखांपुढे गेली. मात्र संच आणि सिमकार्ड स्वस्त होऊन घरोघरी फोन आले, तशी त्यांची कमाई घटली. एकाच गावात अनेक फोन दिल्यानेही ग्राहक वाटले गेले. उशिरा कर्ज काढलेल्यांना याची झळ अधिक बसली. पहिल्या काही वर्षांच्या यशावर विपुल लेखन झाले आहे. या स्त्रियांचे पुढे काय झाले, याकडे तितके लक्ष दिले गेले नाही.

इतर देश : युगांडात २००३ मध्ये अशीच योजना सुरू झाली.