कृत्रिम बुद्धिमत्ता लेखनशोधक
कृत्रिम बुद्धिमत्ता लेखनशोधक ही एखादा मजकूर माणसाने लिहिला आहे की यंत्राने, याचा अंदाज वर्तवणारी संगणकप्रणाली होय. नोव्हेंबर २०२२ मध्ये ओपनएआय या कंपनीने चॅटजीपीटी खुले केल्यानंतर विद्यार्थ्यांचे निबंध तपासण्यासाठी तिचा वापर वाढला.

मजकुरातील पुढचा शब्द कितपत अपेक्षित आहे, हे अनेक शोधक मोजतात. शब्दयोजना जितकी सरधोपट, तितका संशय अधिक. त्यामुळे मोजक्या शब्दसंपदेत प्रामाणिकपणे लिहिणारा विद्यार्थीही नाहक दोषी ठरू शकतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ७ शोधक तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध त्यांनी यंत्रलिखित ठरवले. अचूकता कमी असल्याने ओपनएआयने स्वतःचा शोधक जुलै २०२३ मध्ये बंद केला.