महाभार तारे आणि तारकाजन्म : एका कार्यकारणकल्पनेचा इतिहास

आकाशात दोन वस्तू शेजारी शेजारी दिसल्या म्हणजे त्यांपैकी एक दुसरीचे कारण असली पाहिजे, असा समज ज्योतिःशास्त्राच्या इतिहासात वारंवार आढळतो. तो प्रत्येक वेळी चुकीचा ठरला असे नाही. परंतु तो सिद्ध करावयास नुसत्या सान्निध्याहून अधिक काही लागते, हे ध्यानी येण्यास पुष्कळदा दशके जावी लागली. महाभार तारे, म्हणजे सूर्याच्या आठपट वा त्याहून अधिक वस्तुमानाचे तारे, आणि त्यांच्या आसपास जन्म घेणारे नवे तारे यांच्या संबंधाविषयीची कल्पना हे याचे बोधप्रद उदाहरण होय. हे तारे भोवतालच्या वायूला नव्या तारकाजन्मास प्रवृत्त करतात, की तो वायू उधळून लावून जन्मच थांबवितात, हा तिच्यातील मूळ प्रश्न.

मृगनक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस जो अंधुक तेजोमेघ नुसत्या डोळ्यांनाही जाणवतो, तेथून या इतिहासाचा आरंभ करणे सोयीचे. ख्रिस्तिआन हायगेन्स याने १६५६ मध्ये तो दुर्बिणीतून पाहिला आणि १६५९ च्या आपल्या ग्रंथात त्याचे चित्र दिले. त्याच्या मध्यभागी अगदी जवळजवळ असलेल्या ताऱ्यांना पुढे त्यांच्या चौकोनी आकृतीवरून ट्रॅपेझियम हे नाव पडले. तारे मेघाला उजळवितात की मेघ ताऱ्यांना घडवितो, हे ठरविण्याचे साधन मात्र त्यानंतर दोन शतके उपलब्ध नव्हते. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स याला काही तेजोमेघांच्या वर्णपटात सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या व ते विरळ वायूचे बनलेले आहेत हे कळले. १९२२ मध्ये एडविन हबल याने दाखविले की, तेजोमेघ स्वतः वायूच्या रेषांनी प्रकाशतो की केवळ ताऱ्याचा उजेड परावर्तित करतो, हे जवळच्या ताऱ्याच्या तापमानावर अवलंबून असते. आणि तारा जितका तेजस्वी तितका उजळलेला प्रदेश विस्तृत. येथे सान्निध्याला मोजमापाची जोड मिळाली होती. या विषयातील पहिला निःसंदिग्ध कार्यकारणसंबंध हाच म्हणावा लागेल.

उष्ण तारा वायूवर नेमके काय करतो, याचे उत्तर आयनीभवनाच्या सिद्धांतात होते. कलकत्त्यास काम करणारे मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये ताऱ्यांच्या वातावरणातील आयनीभवनाचे जे समीकरण मांडले, ते आंतरतारकीय अवकाशाला जसेच्या तसे लागू पडत नाही. कारण तेथे प्रारण अत्यंत विरळ असते. डॅनिश शास्त्रज्ञ बेंग्ट स्ट्रोमग्रेन याने १९३९ मध्ये ही विरळता हिशेबात घेतली. स्ट्रूव्ह व एल्व्ही यांना १९३८ मध्ये आकाशगंगेत हायड्रोजनच्या प्रकाशाचे विस्तीर्ण, फिकट प्रदेश सापडले होते, त्यांचा उलगडा त्याला करावयाचा होता. ९१२ अँगस्ट्रॉमहून कमी तरंगलांबीचे जंबुपार प्रारण हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉन बाहेर काढते. तारा असे प्रारण जोवर पुरवितो, तोवरच वायू आयनीभूत राहतो. स्ट्रोमग्रेनचा खरा शोध असा की, या प्रदेशाला सावकाश विरत जाणारी कड नसून जवळजवळ धारदार सीमा असते. सीमेच्या आत तापमान सुमारे १०,००० केल्विन. बाहेर वायू थंड, आणि दाट मेघांत तर १० ते २० केल्विन इतका थंड. वायूची घनता हजारपट वाढली तर गोलाची त्रिज्या शंभरपटीने आकसते. स्ट्रोमग्रेनचा गोल मात्र स्थिर होता. आतला दाब बाहेरच्या दाबाहून कितीतरी अधिक आहे, म्हणून हा गोल फुगलाच पाहिजे आणि थंड वायू पुढे रेटला गेलाच पाहिजे, हा निष्कर्ष त्यात दडलेला होता. तो काढावयास आणखी पंधरा वर्षे लागली.

मधल्या काळात एक दुसरीच गोष्ट स्पष्ट झाली. हान्स बेथे याच्या १९३९ च्या निबंधाने ताऱ्यांच्या ऊर्जेचा उगम निश्चित केला, आणि महाभार तारे आपले इंधन किती उधळेपणाने खर्च करतात ते कळून आले. सूर्याचे आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षांचे, तर सर्वांत तेजस्वी ताऱ्यांचे अवघे काही दशलक्ष ते एखाद-दोन कोटी वर्षांचे. अर्थात आज दिसणारे असे तारे आकाशगंगेच्या मानाने कालपरवा जन्मले असले पाहिजेत. १९४७ मध्ये व्हिक्टर अंबार्तसुमियान याने, असे तारे विरळ समूहांत आढळतात आणि ते समूह अल्पायुषी व विखुरत जाणारे आहेत, असे प्रतिपादिले. या समूहांना त्याने दिलेले ‘साहचर्य’ या अर्थाचे नाव आजही रूढ आहे. हे तारे वायूपासून बनतात हे मात्र त्याला मान्य नव्हते. ते अतिघन अशा आदिम पिंडांतून बाहेर पडतात, अशी त्याची धारणा होती. निरीक्षण टिकले, उपपत्ती टिकली नाही. १९५२ मध्ये आड्रिआन ब्लाऊ याने ययाती तारकासमूहातील एका साहचर्याचे प्रसरण ताऱ्यांच्या गतींवरून मोजले, तेव्हा त्याचे वय सुमारे १३ लाख वर्षे निघाले.

हे तारे बाहेर का धावतात? एर्न्स्ट एपिक याने १९५३ मध्ये सुचविले की, अतिदीप्त नवताऱ्याच्या स्फोटाने ढकललेल्या वायूच्या कवचातच ते जन्मतात व कवचाची गती घेऊन निघतात. पुढच्याच वर्षी यान ऊर्ट याने स्फोटाऐवजी फुगणाऱ्या आयनीभूत गोलाला ते काम दिले: पहिला तारा वायू तापवितो, तापलेला वायू भोवतालचा थंड वायू दाबून आणतो, त्या दाट कवचात नवे तारे बनतात. १९५५ मध्ये ऊर्ट व लायमन स्पिट्झर यांनी यास आणखी एक यंत्रणा जोडली. मेघाची ताऱ्याकडील बाजू तापून वायू त्या बाजूने सुटतो व त्याच्या प्रतिक्रियेने उरलेला मेघ अग्निबाणासारखा दूर ढकलला जातो. या निबंधांत निर्मिती आणि विध्वंस या दोन्ही क्रिया एकाच हिशेबात उभ्या आहेत. पुढील पिढीने त्यांतील पहिली अधिक उचलली.

ब्लाऊ याने १९६४ मध्ये मृगातील साहचर्याचे उपसमूह वयानुक्रमे मांडले. बाणाच्या वायव्येकडील समूह सर्वांत जुना, ट्रॅपेझियमचा सर्वांत नवा. १९७० मध्ये विल्सन, जेफर्ट्‌स व पेन्झिआस यांना मृगाच्याच दिशेने कार्बन मोनॉक्साइडचे रेडिओ-प्रारण सापडले, आणि तेजोमेघाच्या पाठीमागे थंड रेणुमेघाचा प्रचंड साठा आहे हे दिसू लागले. या दोहोंच्या आधारावर १९७७ मध्ये एल्मग्रीन व लाडा यांनी क्रमिक निर्मितीची उपपत्ती रचली: आयनीभवनाची आघाडी आघात तरंग पुढे लोटते, दोहोंमध्ये वायूचा थर साचतो, तो स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने कोसळतो, नवा समूह जन्मतो आणि मशाल पुढे जाते. ही उपपत्ती केवळ महाभार ताऱ्यांपुरती होती. लहान तारे मेघात सर्वत्र स्वतंत्रपणे बनतात असे तिच्या कर्त्यांनीच म्हटले होते. उद्धरणांच्या ओघात ही मर्यादा पुष्कळदा गळून पडली. १९७९ मध्ये व्हिटवर्थ याने हेच तारे आपला मेघ किती त्वरेने झिजवून पांगवितात याचा हिशेब मांडला. त्या निबंधाला पहिल्याइतकी प्रसिद्धी लाभली नाही.

यात शब्दांचा वाटा लहान नाही. या क्रियेला इंग्रजीत रूढ झालेला ‘ट्रिगर’ हा शब्द बंदुकीचा चाप दर्शवितो. चाप ओढण्यापूर्वी बार भरलेला असावा लागतो. म्हणजे ज्याला चापाने उडविले म्हणावयाचे, तो मेघ आधीच कोसळण्याच्या बेतात होता असे त्यात गृहीत आहे. मग ताऱ्याने नेमके काय केले? जो जन्म होणारच होता तो लवकर घडविला, की जो कधीच झाला नसता तो घडविला? हे दोन दावे अगदी भिन्न आहेत आणि त्यांना लागणारे पुरावेही भिन्न आहेत. एका शब्दाने ते एकत्र बांधले गेले.

१९९५ मध्ये हेस्टर व स्कोवेन यांनी हबल दुर्बिणीतून गरुड तेजोमेघातील वायूच्या स्तंभांचे छायाचित्र घेतले. ते ‘सृष्टीचे स्तंभ’ म्हणून जगभर पोचले. वस्तुतः त्यात दिसते ते बाष्पीभवन आहे, जवळच्या महाभार ताऱ्यांच्या प्रारणाने चाललेली स्तंभांची झीज. स्तंभांच्या टोकांवरील लहान पुंजांना जे दीर्घ नाव दिले गेले, त्याच्या आद्याक्षरांचा शब्द इंग्रजीत ‘एग’, म्हणजे अंडे, असा होतो. अंडे म्हटले की आत जीव असणार, हे ऐकणाऱ्याने मानून घेतलेच. मॅकॉक्रन व अँडरसन यांनी २००२ मध्ये अवरक्त प्रकाशात अशा ७३ पुंजांची छाननी केली, तेव्हा केवळ ११ मध्ये ताऱ्याचा अथवा तपकिरी बटूचा पुरावा मिळाला. जे अकरा आढळले, तेही प्रारणाच्या दाबामुळे जन्मले, की आधीच जन्मलेले असून झिजणाऱ्या वायूने केवळ उघडे पडले, हे छायाचित्र सांगू शकत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार हे स्तंभ सुमारे ३० लाख वर्षांत नाहीसे होतील.

अडचण अशी की, आकाशात प्रयोगाची दुसरी प्रत मिळत नाही. तो तारा नसता तर त्या मेघाचे काय झाले असते, हे पाहण्याची सोय संगणकाने दिली. एकच मेघ दोनदा घ्यावयाचा, एकदा ताऱ्यांचे प्रारण चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून, व दोन्हींतील तारे एकास एक जुळवून पाहावयाचे. डेल, हॉवर्थ व ब्रेसर्ट यांनी २०१५ मध्ये अशा तुलनेवरून दाखविले की, कवच, स्तंभ वा तेजस्वी कड यांच्या निकट तारा असणे, हा निरीक्षक ज्याला पुरावा मानीत आले तो संकेत, फारसा विश्वसनीय नाही. प्रेरित तारे त्या हिशेबात आढळतात. पण स्वयंभू ताऱ्यांत ते इतके मिसळलेले असतात की एकट्या ताऱ्याकडे पाहून निवाडा करता येत नाही. एकंदर ताऱ्यांची निर्मिती मात्र प्रारणामुळे बहुधा घटते.

मृगाचा सुबक वयानुक्रमही तितकासा सुबक उरला नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गाया उपग्रहाच्या मोजमापांवरून तेथील निरनिराळ्या वयांचे समूह दृष्टिरेषेत एकापुढे एक पसरलेले व परस्परांत गुंतलेले आढळले. २०१९ मध्ये पाब्स्ट व सहकाऱ्यांनी सोफिया या विमानस्थ वेधशाळेतून (ती २०२२ मध्ये बंद झाली) आयनीभूत कार्बनचे प्रारण मोजले. ट्रॅपेझियममधील सर्वांत वजनदार ताऱ्याच्या वाऱ्याने फुगविलेले वायूचे कवच सेकंदाला सुमारे १३ किलोमीटर वेगाने पसरत असून मूळ मेघाचा गाभा त्यामुळे विस्कटत आहे, असे त्यांना दिसले. त्या कवचात नव्या ताऱ्यांचा समूह अद्याप आढळलेला नाही. तेजोमेघाच्या पाठीमागील दाट वायूत मात्र तारे बनत आहेत, आणि ट्रॅपेझियम नसता तरी ते बनले असते की नाही, हा ऊर्ट याच्या निबंधातील प्रश्न तेथे अजून उभा आहे.